पडवीची ओल आणि नऊ मीटरची पन्हळ : एक प्रकरण अभ्यास

घर रत्नागिरी जिल्ह्यातले, समुद्रापासून साधारण चार किलोमीटर आत. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि उजव्या अंगाला पुढे काढलेली पाच मीटर रुंदीची खोली. वरून पाहिले तर घराचा आकार काटकोनाचा दिसतो. मुख्य छपराचे पुढचे पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, आणि खोलीच्या छपराचे आतले पाखे जिथे भेटतात, तिथे पत्र्याची मधली पन्हळ आहे. ती कोपऱ्यात खाली उतरून वळचणीच्या पन्हळीत पाणी सोडते. वळचणीची पन्हळ नऊ मीटर लांब, पाच इंची, अर्धगोल, २६ गेजच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची. तिला पाणी उतरायला डाव्या टोकाला एकच ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप होता.

तक्रार नेहमीचीच होती. पन्हळ गळते, पडवीच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीला जमिनीपासून आढ्याच्या दिशेने ओल चढते, गिलाव्याचे पोपडे पडतात. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीच्या वेळी भोकांवर डांबर आणि इपॉक्सी पुटी लावली जाई. जुलैत पुन्हा तेच. आता पत्र्याऐवजी पीव्हीसीची पन्हळ बसवून टाकायची, असे घरच्यांनी ठरवले होते, आणि पन्हळीची कामे करणाऱ्या आमच्याकडे तेवढ्यापुरताच दर मागितला होता.

तेवढेच केले असते तर ओल तशीच राहिली असती. नवी पन्हळ गळली नसती, पण भिंत भिजतच राहिली असती. कारण भिंत भोकांतून येणाऱ्या पाण्याने भिजत नव्हती.

कोरड्या दिवसांत काय दिसले

पाहणी एप्रिलच्या शेवटी केली. पन्हळीचे खरे दुखणे भर पावसात दिसते हे खरे, पण पावसाने मागे ठेवलेल्या खुणा कोरड्यात जास्त नीट वाचता येतात.

पहिली खूण भोकांची. एकूण सात भोके होती आणि सगळी पन्हळीच्या तळात, डाव्या टोकापासून तीन ते साडेसहा मीटरच्या पट्ट्यात. त्याच पट्ट्यात आतून चिखलाची रेघ होती, म्हणजे तिथे पाणी साचून राहत होते. पत्रा सगळीकडे सारखा जुना, खारी हवा सगळीकडे सारखी. तरी भोके फक्त तिथेच. साचलेल्या पाण्यात आंब्याची आणि फणसाची पाने कुजतात, त्या ओल्या थराखाली जस्ताचा मुलामा आधी जातो आणि मग लोखंड. पाऊस थांबल्यावर बाकीची पन्हळ तासाभरात वाळते, हा भाग मात्र आठवडाभर ओला राहतो.

दुसरी खूण भिंतीची. ओल सर्वांत जास्त उजव्या कोपऱ्यात होती. भोके कोपऱ्यापासून अडीच मीटर लांब. भोकांच्या बरोबर खाली अंगणातल्या फरशीवर थेंबांचे डाग होते, पण मागची भिंत तिथे जवळजवळ कोरडी. भोकातून पडणारे पाणी सरळ खाली पडते, दीड हात मागे असलेल्या भिंतीपर्यंत जात नाही. म्हणजे कोपऱ्यातल्या ओलीचा उगम वेगळा होता.

तिसरी खूण लाकडाची. कोपऱ्याजवळच्या तीन वाशांची टोके बोटाने दाबली तर आत जात होती, आणि एकाला वाळवी लागली होती. वासा वरून कुजला तर कौल फुटलेले असते. इथे वासे खालून आणि टोकाकडून कुजले होते. पाणी पन्हळीच्या मागच्या काठावरून, म्हणजे घराच्या बाजूने, ओसंडत होते.

काठांची उंची मोजल्यावर ते पक्के झाले. पन्हळीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा १५ मिलिमीटर उंच होता. कुणीतरी पूर्वी पन्हळ आत झुकवून बसवली होती, बहुधा पाणी अंगणात उडू नये म्हणून. हेतू समजण्यासारखा आहे, पण परिणाम उलटा. पन्हळ कधी ना कधी भरणारच. भरली की पाणी बाहेरच्या बाजूने सांडले पाहिजे. मागचा काठ पुढच्यापेक्षा किमान १० मिलिमीटर उंच ठेवणे हा या कामातला पहिला नियम आहे, आणि तोच सर्वांत जास्त वेळा मोडला जातो.

उतार मोजण्याची पद्धत

डोळ्याने उतार दिसत नाही. फेशियाची, म्हणजे वाशांच्या टोकांवर ठोकलेली लाकडी पट्टी सरळ आहे असे धरून तिच्यावरून मोजणे तर त्याहून धोक्याचे. इथे पारदर्शक नळीत पाणी भरून, म्हणजे गवंडी वापरतात त्या लेव्हल ट्यूबने, दर मीटरला पन्हळीच्या तळाची उंची घेतली. उजवे टोक डाव्यापेक्षा फक्त ६ मिलिमीटर वर होते, आणि मधला भाग दोन्ही टोकांच्या रेषेखाली १८ मिलिमीटर बसलेला. आधाराच्या पट्ट्या सव्वा मीटर अंतरावर होत्या. भरलेल्या पन्हळीचे वजन एवढ्या अंतरावर पत्रा पेलू शकत नाही. फेशियाची पट्टीही नऊ मीटरमध्ये २२ मिलिमीटर वाकडी होती.

मग पाण्याची चाचणी. पाइपाचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद केले, पन्हळीत पंचवीसेक लिटर पाणी ओतले आणि बोळा काढला. पन्हळ पूर्ण भरायची नाही; पाच इंची अर्धगोल पन्हळीत नऊ मीटरला सुमारे ५५ लिटर पाणी मावते, आणि गंजलेल्या पट्ट्या ५५ किलोचा भार अचानक सोडू शकतात. पंचवीस लिटर पाणी एका चांगल्या पाइपातून अर्ध्या मिनिटात जायला हवे. इथे दोन मिनिटांनंतरही धार चालू होती आणि मधला खड्डा भरलेलाच राहिला. वळचणीखाली पाइपाला लागोपाठ दोन काटकोनी एल्बो होते. दुसरा एल्बो उघडल्यावर त्यात फणसाची पाने, कौलाचा लाल गाळ आणि पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या यांचा घट्ट गोळा निघाला.

इथपर्यंत पाहून पाइप साफ करावा, पन्हळ नवी घालावी आणि काम संपवावे, असे वाटू शकते. पण आधी हिशेब करायला हवा होता.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढेच लक्षात ठेवले तरी हा हिशेब कुणालाही करता येतो. क्षेत्र मोजताना कौलाचे तिरके माप धरायचे नाही, जमिनीवर पडणाऱ्या सावलीचे आडवे माप धरायचे.

पुढच्या पाख्याचे आढ्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे माप ४.८ मीटर. नऊ मीटर लांबीने ४३ चौरस मीटर. मधल्या पन्हळीतून येणारे आणखी १२ चौरस मीटर. एकूण ५५.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण पन्हळीला वर्षाशी देणेघेणे नाही. तिला पाच मिनिटांची सर झेपली पाहिजे. आम्ही या पट्ट्यात तासाला १५० मिलिमीटरचा वेग धरतो, म्हणजे पाच मिनिटांत साडेबारा मिलिमीटर. ५५ चौरस मीटरवर हे तासाला ८,२५० लिटर, मिनिटाला १३७, सेकंदाला साधारण २.३ लिटर.

आता पाइप. पावसाच्या उभ्या पाइपांसाठी आपल्याकडे जे प्रमाणित कोष्टक वापरतात, त्यात १५० मिलिमीटर वेगाला ७५ मिलिमीटरचा पाइप १३.६ चौरस मीटर छपराला पुरतो आणि १०० मिलिमीटरचा २८.५ चौरस मीटरला. दुकानातला ७५चा पीव्हीसी पाइप बाहेरून ७५ असतो, आतून सुमारे ७०. म्हणजे या घराला जेवढा पाइप हवा होता त्याच्या चौथाईपेक्षाही कमी होता. तो पूर्ण साफ असता तरी मोठ्या सरीत पन्हळ भरून मागे सांडलीच असती.

पन्हळीचे काय? अगदी सपाट बसवलेली पाच इंची अर्धगोल पन्हळ एका टोकाकडे सेकंदाला साधारण दीड लिटर पाणी नेते, सहा इंची सव्वादोन. म्हणजे एका बाजूला २.३ लिटर न्यायचे तर पाच इंची अपुरी. पण दोन्ही टोकांना पाइप दिले तर प्रत्येक बाजूला सव्वा लिटरपेक्षा कमी येते, आणि मग जुन्या मापाची पन्हळही पाण्याच्या हिशेबाला पुरते. बहुतेक घरांत पैसा पन्हळीच्या मटेरियलवर खर्च होतो आणि पाइप जुनाच जोडला जातो. क्रम उलटा हवा: आधी पाणी उतरायच्या जागा, मग उतार, मग आधार, आणि सर्वांत शेवटी पन्हळ कशाची हा प्रश्न.

उंचवटा मध्यावर का नको

दोन टोकांना दोन पाइप म्हटले की कारागीर उंचवटा, म्हणजे पाणी जिथून दोन्ही बाजूंना वळते ती पन्हळीची सर्वांत उंच जागा, बरोबर मध्यावर घेतो, साडेचार मीटरवर. इथे ते चुकले असते. उजव्या कोपऱ्यात मधल्या पन्हळीचे १२ चौरस मीटर आधीच येऊन पडतात. मध्यावर उंचवटा घेतला तर डाव्या पाइपाला २१.६ आणि उजव्याला ३३.६ चौरस मीटर. उजवा पाइप २८.५ च्या मर्यादेबाहेर जातो, आणि नेमका तोच कोपरा आधीपासून ओला आहे.

उंचवटा कोपऱ्यापासून ३.२५ मीटरवर घेतला की गणित जुळते. उजवीकडे ३.२५ × ४.८ अधिक १२, म्हणजे २७.६. डावीकडे ५.७५ × ४.८, तेही २७.६. दोन्ही पाइप मर्यादेत.

उतार मीटरला ५ मिलिमीटर ठेवला. डावीकडे एकूण २९ मिलिमीटर, उजवीकडे १६. सलग नऊ मीटरचा एकच उतार दिला असता तर पन्हळीचे एक टोक ४५ मिलिमीटर खाली गेले असते, आणि तिथे कौलावरून जोरात येणारे पाणी पन्हळ ओलांडून पुढे पडले असते. उंचवट्याच्या जागी कौलाची कड पन्हळीच्या मागच्या काठापासून २० मिलिमीटर वर ठेवली, त्यामुळे सर्वांत खालच्या टोकालाही अंतर ५० मिलिमीटरच्या आत राहिले.

खोलीच्या आतल्या बाजूच्या वळचणीला, चार मीटर लांबीला, पन्हळ नव्हती आणि आम्ही सुचवलीही नाही. खाली चिऱ्याची फरसबंदी आहे, जोते उंच आहे, पागोळ्यांचे पाणी उताराने निघून जाते. जिथे पागोळ्या कुणाचे वाईट करत नाहीत, तिथे त्या पडू द्याव्यात. प्रत्येक पन्हळ म्हणजे दरवर्षी साफ करायची आणखी एक जागा.

पन्हळ कशाची

कोकणात पूर्वी पोफळीचे खोड उभे चिरून पन्हळ करत. काही पावसाळे टिकली की बदलायची. आता प्रश्न पीव्हीसी की पत्रा हा.

पीव्हीसी गंजत नाही, हलकी असते, जोडायला सोपी. पण ती उन्हात वाढते. तीस अंशांच्या फरकाला तीन मीटरचा तुकडा सहा-सात मिलिमीटर वाढतो. जोडावर तेवढी फट न ठेवता सोल्युशनने चिकटवून टाकली तर दुसऱ्या उन्हाळ्यात सांधे उचकटतात किंवा पन्हळ नागमोडी होते. फट ठेवून रबरी सीलचे जोड वापरले तर ती चांगली चालते. या घराला तिची अडचण वेगळी होती. आवारात आंबा आणि फणस, आणि माकडांचा कळप रोजचा. झाडावरून वळचणीवर उडी पडली की पीव्हीसीची पन्हळ क्लिपांतून निसटते किंवा तडकते. ज्या आवारात माकडांमुळे कौले फुटतात, तिथे आम्ही पीव्हीसी सुचवत नाही.

म्हणून अल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेला ०.६ मिलिमीटरचा साधा रंगीत पत्रा घेतला, नालीदार नव्हे. चौकोनी पन्हळ वाकवून घेतली: तळ १५० मिलिमीटर, मागची भिंत १४०, पुढची १२५, पुढचा काठ दुमडून गोल. पाण्यासाठी एवढी मोठी लागत नव्हती. पाने साचली तरी वाट उरावी आणि हात घालून साफ करता यावी म्हणून हे माप.

एका पन्हळीला दुमडीसकट ४५० मिलिमीटर रुंदीचा पत्रा लागतो. १२२० मिलिमीटर रुंद आणि २४४० लांब अशा एका पत्र्यातून दोन पट्ट्या निघतात आणि ३२० मिलिमीटर उरतात. दोन पत्र्यांतून पन्हळीचे चार तुकडे झाले. १०० मिलिमीटरचे तीन सांधे वजा जाता लांबी ९.४६ मीटर. उरलेल्या ३२० च्या पट्ट्या मधून कापून १६० रुंदीच्या चार पट्ट्या मिळाल्या, त्या वळचणीच्या पट्टीसाठी वापरल्या. तिसरा पत्रा उभा अर्धा करून मधल्या पन्हळीचे ६१० रुंदीचे दोन तुकडे. नऊ मीटर पन्हळ, वळचणीची पट्टी आणि मधली पन्हळ, सगळे मिळून तीन पत्रे. फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी हे कागदावर मांडले नाही तर पाच पत्रे लागतात.

पत्रा कातरीनेच कापायचा. ग्राइंडरने कापला की कडेचा मुलामा जळतो आणि उडालेले लोखंडाचे गरम कण रंगात रुतून आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात.

बसवणी

आधी खालच्या दोन ओळींची कौले उतरवली, मधल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन. काम करताना कौलाच्या मध्यावर पाय द्यायचा नाही. रिपेच्या, म्हणजे कौले ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीच्या वर, जिथे दोन कौले एकमेकांवर येतात तिथे द्यायचा, आणि तोही फळी टाकून. शिडी बांबूची किंवा लाकडाची घ्यावी. या घरात विजेची सर्व्हिस वायर वळचणीपासून हातभरच लांब होती, अशा जागी अल्युमिनियमची शिडी आणि आठ फुटी पत्रा दोन्ही जीवघेणे ठरतात. कामाच्या दोन दिवसांसाठी महावितरणच्या माणसाकडून खांबावरून पुरवठा बंद करून घेतला.

कुजलेली तीन टोके निरोगी लाकडापर्यंत कापून प्रत्येक वाशाला बाजूने ऐनाच्या लाकडाचा ९०० मिलिमीटर लांबीचा जोड बोल्टने आवळला. कापलेल्या तोंडांना वाळवीचे औषध आणि दोन हात तेलरंग दिला. ही तोंडे रंगवायला लोक विसरतात, आणि लाकूड पाणी पिते ते तोंडाकडूनच.

मधली पन्हळ सर्वांत नाजूक, म्हणून तिच्यावर वेळ दिला. जुन्या पन्हळीत गवंड्याने कौलांच्या कडा सिमेंटने बंद केल्या होत्या. सिमेंट पत्र्याला चिकटून राहत नाही. पत्रा उन्हात सरकतो, सिमेंटला चीर पडते आणि चिरेतून शिरलेले पाणी वर न येता आत मुरते. शिवाय ओल्या सिमेंटमधला चुना जस्त आणि अल्युमिनियम दोन्ही खातो. नव्या पत्र्यावर सिमेंटचा एक थापाही लागू द्यायचा नाही, हे गवंड्याला आधीच सांगून ठेवावे.

पत्र्याखाली दोन्ही बाजूंनी २२५ मिलिमीटर रुंद फळ्या बसवल्या. पत्र्याच्या मध्यावर २५ मिलिमीटर उंचीचा कणा वाकवून घेतला होता. त्याचे कारण असे: मुख्य पाख्यावरून या पन्हळीत सव्वानऊ चौरस मीटरचे पाणी येते, खोलीच्या पाख्यावरून जेमतेम तीनचे. मोठ्या बाजूचे पाणी जोराने उतरते आणि समोरच्या बाजूच्या कौलांखाली शिरते. मधला कणा त्याला अडवतो. दोन पाख्यांचे क्षेत्र सारखे असेल तर कण्यावाचूनही भागते. कण्याच्या दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटर मोकळी जागा आणि त्यापुढे १५० मिलिमीटर पत्रा कौलांखाली. पत्र्याच्या बाहेरच्या कडा वर दुमडून त्या दुमडीतच क्लिपा अडकवल्या. पत्र्याला एकही खिळा मारलेला नाही. वरचा तुकडा खालच्यावर २०० मिलिमीटर.

मग वळचणीची पट्टी. १६० पैकी १०० मिलिमीटर कौलांखाली वाशांवर आणि ६० खाली वळून पन्हळीत. वाऱ्याने कौलाखाली ढकललेले पाणी या पट्टीवरून पन्हळीत उतरते. ही पट्टी जुन्या कामात नव्हतीच. आमच्या मते वाशांची टोके वाचवणारी सर्वांत स्वस्त वस्तू हीच.

आधार २५ × ५ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे, वाकवून भोके पाडून झाल्यावर गरम जस्तात बुडवून आणलेले. आधी मुलामा आणि नंतर भोके असा क्रम झाला तर भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो. दर ६०० मिलिमीटरला एक, सांध्यांजवळ आणि पाइपांजवळ जादा, असे अठरा. ही पन्हळ काठोकाठ भरली तर मीटरला सुमारे १९ किलो पाणी असते, म्हणजे प्रत्येक आधारावर ११-१२ किलो. प्रत्येक आधाराला स्टेनलेसचे दोन ५ × ६५ चे स्क्रू, फेशियातून आरपार वाशात. नुसत्या फेशियात घेतलेला स्क्रू दोन पावसाळ्यांत सैल होतो.

आधार लावण्याची पद्धत: आधी उंचवट्याचा आधार, मग दोन्ही टोकांचे, लेव्हल ट्यूबने माप घेऊन. मग त्यांच्यामध्ये दोरी ताणून बाकीचे. इथे फेशिया वाकडी असल्याने दोरी आणि पट्टीचा खालचा काठ समांतर दिसत नव्हते, आणि कारागीर आधार पट्टीच्या रेषेत घेऊ पाहत होता. दोरीवरच ठाम राहायचे. डोळ्याला जे सरळ दिसते त्यावर पाणी विश्वास ठेवत नाही.

सांधे पाण्याच्या दिशेने: वरचा तुकडा आत, खालचा बाहेर. तुकडे एकावर एक येतात त्या १०० मिलिमीटरच्या भागात सीलंटच्या दोन रेघा, त्यावर ३० मिलिमीटर अंतराने रिव्हेटांच्या दोन ओळी, आणि तळातल्या प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर सीलंटचा ठिपका. सीलंट न्यूट्रल जातीचे सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वाळताना आम्ल सोडते आणि मुलामा खाते. ते काचेसाठी ठीक, पत्र्यासाठी नाही. नळीवर लिहिलेले वाचावे, दुकानदार बहुधा स्वस्त तेच देतो.

पाइप दोन, ११० मिलिमीटरचे. दुकानातला ११०चा पाइप आतून सुमारे १०४ भरतो, म्हणजे कोष्टकातला १०० चा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन-दोन बेंड, दर दीड मीटरला क्लॅम्प, आणि जमिनीपासून मीटरभर उंचीवर झाकणाचा टी (तीन तोंडांचा जोड), म्हणजे तुंबले तर शिडी न लावता साफ करता येते. खाली दोन्ही पाइपांचे पाणी जोत्यापासून मीटरभर पुढे नेऊन चिऱ्याच्या गटारात सोडले. चिरा पाणी ओढतो, जोत्याच्या मुळाशी पाणी सोडले तर वरची सगळी मेहनत वाया.

कोपऱ्यात मधल्या पन्हळीतून सेकंदाला अर्धा लिटर पाणी एकाच जागी वेगाने येते आणि सरळ पन्हळीच्या पुढच्या काठावर आदळते. तिथे पुढच्या काठावर ४५० मिलिमीटर लांब आणि १०० उंच आडवी पट्टी रिव्हेट केली. उजवा पाइप या जागेच्या अगदी खाली न घेता ३०० मिलिमीटर डावीकडे घेतला, कारण वरून आपटणारे पाणी पाइपाच्या तोंडाशी भोवरा करते आणि हवा अडकून उतरायला उशीर लागतो.

चाचणीत निघालेली चूक

कौले परत बसवण्याआधी चाचणी घेतली. दोन्ही तोंडे बंद करून पन्हळ अर्धी भरली आणि तासभर ठेवली. सांधे कोरडे राहिले, पण डाव्या पाइपाच्या तोंडाशी थेंब येऊ लागला. पत्र्याच्या भोकात पाइप सरळ घुसवून भोवती सिलिकॉन फिरवले होते. पत्रा आणि पीव्हीसी उन्हात वेगवेगळे वाढतात, पाइप स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, आणि सिलिकॉन एका बाजूने सुटते. दुरुस्ती: पत्र्याचेच ८० मिलिमीटर लांबीचे, बाहेरून ९८ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे करून त्याची वरची कड बाहेर पसरवून पन्हळीच्या तळाला रिव्हेट आणि सील केली. हे नळकांडे पाइपाच्या आत नुसते उतरते, चिकटवलेले नाही. पाइपाचे वजन क्लॅम्पवर, पन्हळीवर काहीच नाही. पाणी वरून खाली जाताना नळकांड्यातून पाइपात पडते, उलटे चढत नाही, म्हणून तिथे सीलंटची गरजच उरत नाही. कौले परत चढल्यावर हे सापडले असते तर दोन ओळी पुन्हा उतरवाव्या लागल्या असत्या.

काम २० मेच्या आत संपवले. मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण वळवाची सर त्याआधी केव्हाही येते, आणि सिलिकॉनला वाळायला दोन कोरडे दिवस तरी हवेत.

जाळी का लावली नाही

घरच्यांना पन्हळीवर बारीक जाळी हवी होती. ती आम्ही नाकारली. आंब्याचा गळालेला मोहोर आणि कौलाचा गाळ जाळीवर बसतो, पहिल्या पावसात त्याचा पापुद्रा होतो, आणि मग पाणी जाळीवरून सरळ अंगणात. जाळी काढून साफ करणे हे पन्हळ साफ करण्यापेक्षा जास्त कटकटीचे. पाइपाच्या तोंडावरची घुमटी जाळीही फणसाच्या दोन पानांनी बंद होते. त्यापेक्षा रुंद पन्हळ, मोठे मोकळे तोंड आणि खाली झाकणाचा टी हा जोड या झाडांना जास्त मानवतो. सुरूची किंवा चिंचेची बारीक पाने पडत असतील तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

पहिला पावसाळा आणि त्यानंतर

पहिल्या मोठ्या सरींत पन्हळ निम्म्याच्या वर भरली नाही आणि मागे एकदाही सांडली नाही. कोपऱ्यातल्या आडव्या पट्टीवरून नैर्ऋत्येचा वारा असताना थोडे तुषार उडत होते. पट्टीचा वरचा काठ १५ मिलिमीटर आत वळवल्यावर ते थांबले.

भिंत मात्र लगेच वाळली नाही, आणि ती लगेच वाळेल अशी अपेक्षा धरू नये. चिऱ्यात मुरलेले पाणी सावकाश बाहेर येते. घरच्यांना दिवाळीला रंग काढायचा होता, तो थांबवायला सांगितले. पोपडे आलेला गिलावा काढून चिरा उघडा ठेवला, मार्चअखेर तो हाताला कोरडा लागला, मग चुन्याचा गिलावा केला. ओल आत असताना वरून प्लास्टिक इमल्शन लावले की पाणी आत कोंडते आणि पुढच्या पावसाआधीच फुगे येतात.

साफसफाईचे वेळापत्रक घरच्यांना लिहून दिले आहे. मे अखेर पूर्ण सफाई, बादलीभर पाणी ओतून दोन्ही बाजूंचा उतार तपासणे. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर दोन्ही टींची झाकणे उघडून गाळ काढणे, कारण वर्षभराची धूळ आणि शेवाळ तेव्हाच खाली येते. गणपतीआधी एकदा, तेव्हा घरात माणसे असतात आणि पावसाला उघडीप मिळते. ऑक्टोबरमध्ये शेवटची, म्हणजे पाने ओली राहून आठ महिने पत्र्यावर पडून राहणार नाहीत.

सफाईला खराटा किंवा प्लास्टिकची सुपली वापरायची, खुरपे किंवा थापी नाही. दर दुसऱ्या वर्षी सांध्यांवरचे सीलंट बोटाने दाबून पाहायचे. कडेने सुटत असेल तर वरून नवा थर न देता जुना पूर्ण खरवडून, पत्रा स्पिरिटने पुसून मगच नवा द्यायचा. पत्र्याच्या कापलेल्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या दिवशी घासून जस्ताचा प्रायमर आणि रंगाचा हात. समुद्र चार किलोमीटरवर असताना सुरुवात कडांपासूनच होते, आणि उजव्या कोपऱ्यातल्या आडव्या पट्टीच्या रिव्हेटांकडे सर्वांत आधी पाहावे.